देवाच्या वेळेवर भरवसा

संकटातून सुटका कधी व्हावी हे देवावर सोपवायचे आणि त्याच्या वचनाला धरून राहायचे, या ख्रिस्ती वृत्तीला देवाच्या वेळेवर भरवसा ठेवणे म्हणतात. आपले दिवस देवाच्या हातात आहेत, हे बायबलमधल्या ३१ व्या स्तोत्रातले म्हणणे तिच्या मुळाशी आहे.

नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाच्या, ग्रीक भाषेत काळासाठी दोन शब्द येतात : ‘क्रोनोस’ म्हणजे सरत जाणारा काळ आणि ‘कैरोस’ म्हणजे नेमकी घटका. देवाची वेळ म्हणजे कैरोस, असे प्रवचनांतून नेहमी सांगतात. पण ही विभागणी फार ताणू नये. गलतीकरांस पत्रात ‘काळाची पूर्णता’ म्हणताना प्रेषित पौलाने क्रोनोसच वापरला आहे, तर प्रेषितांची कृत्ये १:७ मध्ये काळ आणि समय जाणणे तुमच्याकडे नाही, असे येशू शिष्यांना सांगतो तिथे दोन्ही शब्द आहेत.

बायबलमधल्या प्रतीक्षा लांबलचक आहेत. योसेफ सतरा वर्षांचा असताना त्याची कथा सुरू होते. भाऊ त्याला विकतात आणि फारोपुढे, म्हणजे मिसरच्या राजापुढे, तो उभा राहतो तेव्हा तिशीत असतो. त्यातही तुरुंगात भेटलेल्या ज्या प्यालेबरदाराला (राजाला मद्य देणाऱ्या सेवकाला) त्याने स्वप्नाचा अर्थ सांगितला तो सुटल्यावर त्याला विसरला आणि योसेफ आणखी दोन वर्षे तुरुंगातच राहिला. अब्राहाम ७५ व्या वर्षी घर सोडतो, वचनातला मुलगा इसहाक होतो तेव्हा तो शंभर वर्षांचा असतो. मधल्या काळात त्याची बायको सारा हिचा धीर सुटला आणि तिची दासी हागार हिच्या वाट्याला दुःख आले, हेही उत्पत्तीचे पुस्तक लपवत नाही.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९ व्या अध्यायातले, देवाच्या मनात तुमच्या हिताचेच संकल्प आहेत हे वचन दुःखितांना हमखास सांगितले जाते. मात्र त्याच्या आधीच्याच ओवीत सत्तर वर्षांचा उल्लेख आहे. हे वचन ज्या पत्रात येते ते यरुशलेमेहून बाबेलला नेलेल्या यहुदी बंदिवानांना लिहिलेले. ते ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्यांना सांगितले काय, तर घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. वाट पाहणे म्हणजे हात बांधून बसणे नव्हे, हे इतक्या ठसठशीतपणे क्वचितच कुठे सांगितले असेल.

हा भरवसा मुकाट्याने सोसण्याशीही जोडू नये. १३ व्या स्तोत्राच्या पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू दोन दिवस होता तिथेच थांबला. बेथानीला पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता, असे मार्था तोंडावर बोलते आणि मग तिची बहीण मरियाही तेच बोलते. येशू त्यांना गप्प करत नाही. पुढे काय करणार हे ठाऊक असूनही तो कबरेकडे जाताना रडतो.

प्रॉटेस्टंटांच्या सुधारित पंथांतील हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी (१५६३), म्हणजे प्रश्नोत्तरांतून श्रद्धा शिकवणारे पुस्तक, देवाच्या तरतुदीवरच्या श्रद्धेचे फळ सांगताना संकटात धीर आणि सुबत्तेत कृतज्ञता यांची नावे घेते. अनेक मंडळ्यांत नाताळपूर्वीचे चार रविवार आगमनकाळ म्हणून प्रतीक्षेलाच वाहिलेले असतात.

मागितलेले मिळतेच असे नाही. इब्री लोकांस पत्राचा ११ वा अध्याय विश्वासू पूर्वजांबद्दल स्पष्ट सांगतो, की वचनांची फळे हाती न येताच ते मेले. त्यांनी ती दुरून पाहिली होती. म्हणून ‘देवाची वेळ आली की सगळे ठीक होईल’ हे वाक्य शोकात असलेल्याला ऐकवताना जपावे लागते. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसले होते. देवाचा कोप त्यांच्यावर झाला तो त्यानंतरच्या बोलण्यामुळे.