टाकी आधी बघा, मशीन नंतर

छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक. आम्ही टाक्या आणि हौद धुतो, नळाची कामं करतो, पाणी शुद्ध करायची मशीनंही विकतो आणि बसवतो.

आम्हाला येणारे बरेच फोन एकाच वाक्याने सुरू होतात. "पाण्याला वास येतोय, आरओ बसवायचाय, किती खर्च येईल?" आम्ही विचारतो, "काकू, टाकी शेवटची कधी धुतली?" पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "अहो, घर घेतलं तेव्हा नवीनच होती की!"

घर घेऊन नऊ वर्षं झालेली असतात.

मशीन विकलं तर आम्हाला चार पैसे जास्त सुटतात, हे लपवण्यात अर्थ नाही. पण घाण टाकीखाली बसवलेल्या मशीनचा फिल्टर महिना-दोन महिन्यांत चोंदतो, आणि शिव्या मात्र आम्हाला बसतात. म्हणून हा क्रम.

जायकवाडी धरणाचं पाणी केंद्रातून शुद्ध होऊन, क्लोरीन घालून निघतं. आपल्याकडे नळ रोज येत नाही, म्हणून ते पुढचे कित्येक दिवस आपल्याच हौदात, टाकीत आणि ड्रममध्ये राहतं. क्लोरीन तोवर उडून जातो, उन्हाळ्यात तर लवकरच. त्यानंतर पाणी चांगलं ठेवायचं काम झाकणाचं आणि आपल्या हातांचं.

नळ आल्यावर पहिलं पाणी

मधले दिवस पाइप रिकामे असतात. कुठे बारीक फट असली तर बाहेरचा ओलावा, कधी शेजारच्या गटाराचं पाणीही आत झिरपतं आणि नळ आला की पहिल्या झटक्यात तुमच्याकडे येतं. त्यामुळे सुरुवातीच्या दोन-तीन बादल्या हौदात सोडू नका. फेकूही नका. संडासाला, अंगण धुवायला, झाडांना वापरा. पाणी नितळ दिसलं की मग हौदाचा कॉक उघडा.

नळाच्या लाइनला थेट टुल्लू पंप लावू नका. शेजाऱ्याचं पाणी ओढलं जातं हा भांडणाचा भाग झाला. पण जोरात ओढल्याने पाइपच्या फटींतून घाणही आत खेचली जाते, आणि ती पहिल्यांदा पंपवाल्याच्याच हौदात पडते. हे काम आम्ही करत नाही, कितीही ओळख काढलीत तरी.

टाकीत काय निघतं

मागच्या उन्हाळ्यात एका घराच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी उघडली. झाकण तडकलेलं, वर दगड ठेवलेला. तडीतून जिथे ऊन पडत होतं, तिथेच आतल्या भिंतीवर शेवाळाची हिरवी पट्टी, बाकी टाकी काळी स्वच्छ. तळाला तीन बोटं गाळ, त्यात कबुतराची पिसं आणि एक वाळलेली पाल. घरात लहान बाळ होतं. त्या बाईंनी गच्चीवर येऊन टाकीत डोकावलं आणि काही न बोलता खाली निघून गेल्या.

पाणी बाहेर जायचा पाइप तळापासून थोडा वर असतो, म्हणून गाळ एरवी खालीच बसून राहतो आणि पाणी स्वच्छ दिसतं. टाकी तळाला गेली किंवा मोटर जोरात सुरू झाली की तो ढवळतो. "कधीकधीच गढूळ येतं" याचा अर्थ बहुधा हाच.

वर्षातून दोनदा धुवा, एकदा पावसाळ्याच्या आधी आणि एकदा दिवाळीच्या सुमारास. आम्हाला टाकी भरलेली असताना बोलवू नका. शेकडो लिटर पाणी गटारात सोडायला आमचाही हात धजत नाही. नळ यायच्या आदल्या दिवशी, पाणी वीतभर उरलेलं असताना आम्ही येतो, त्याच पाण्याने टाकी घासून निघते. प्लास्टिकच्या टाकीला ॲसिड वापरत नाही. घरी तुम्हीही ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. खोल हौदात एकट्या माणसाला उतरवू नका. झाकण आधी बराच वेळ उघडं ठेवा आणि वर एक जण उभा हवाच.

शिळं पाणी

नवं पाणी आलं की कालचं "शिळं" म्हणून ओतून द्यायची आपल्याकडे जुनी सवय आहे. भाकरी शिळी होते, पाणी होत नाही. नाथसागरातलं, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयातलं, पाणी तरी कुठलं, मागच्या पावसाळ्यापासून तिथेच उभं आहे की! झाकलेलं असेल, त्यात हात बुडाले नसतील, तर ते पाणी वापरा. पिण्याच्या पिंपाला तोटी बसवून घ्या, नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. फुलपात्र बुडवलं की त्याबरोबर बोटंही बुडतात.

ड्रमचं मात्र वेगळं आहे. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्याची अंडी पाण्याच्या कडेला, ड्रमच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी लगेच मरत नाहीत. ड्रम नुसता रिकामा करून पुन्हा भरला की ती पुन्हा फुटतात. म्हणून आठवड्यातून एकदा काथ्याने आतून, विशेषतः वरची कड, खरवडून घासा.

टँकरचं किंवा संशयाचं पाणी

ग्रामपंचायतीत जिला टीसीएल म्हणतात, ती ब्लीचिंग पावडर इथे उपयोगी पडते. चांगल्या, ताज्या पावडरीची १००० लिटरला २.५ ग्रॅम. हे प्रमाण अंदाजाने नको, छोट्या वजनकाट्यावर मोजून घ्या. मगात कालवा, चुन्यासारखा साका खाली बसू द्या, वरचं नितळ पाणी टाकीत ओता आणि किमान एक तास थांबा. पावडरचं पाकीट उघडं राहिलं की तिचा जोर जातो. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, गढूळ पाण्यात टीसीएल नीट काम करत नाही.

बोअरचं पाणी

आपल्या काळ्या खडकातलं पाणी बहुतेक ठिकाणी जड. तूरडाळ चार शिट्ट्यांतही टणक राहते, साबणाला फेस येत नाही, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. त्या थराला लिंबूसत्व घातलेलं कोमट पाणी पुरतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक (आयएस १०५००) सांगतं की विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत. कठीणपणासाठी हेच आकडे २०० आणि ६००.

पण टीडीएस मीटर जंतू दाखवत नाही, नायट्रेटही वेगळं दाखवत नाही. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटून उलट थोडं वाढतंच. आसपास शेती किंवा शोषखड्डे असतील तर बोअरचं पाणी एकदा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या.

दारावर येणारे काही विक्रेते दोन ग्लासांत सळया बुडवतात. तुमच्या नळाचं पाणी तपकिरी होतं, त्यांचं स्वच्छ राहतं. तो गाळ पाण्यातला नसून सळईच्या लोखंडाचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार अगदी कमी असतात, त्यामुळे वीज फारशी वाहत नाही आणि सळई विरघळत नाही, एवढीच ती जादू.

नळाच्या पाण्याचा टीडीएस ५०० च्या आत भरला तर आरओ घेऊ नका, यूव्हीचं, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारं, साधं मशीन पुरतं. आरओ असेलच तर एकदा एक लिटर पाणी भरेपर्यंत बाहेर जाणारी नळी बादलीत सोडून बघा. तीन लिटर सहज निघतं. ते फरशीला, संडासाला वापरा. कुंड्यांना नको, क्षार मातीत साठतात.

गळती

थेंब थेंब गळणाऱ्या नळाखाली २०० मिलीचा पेला ठेवा. तो वीस मिनिटांत भरला तर दिवसाला ७२ पेले, म्हणजे १४ लिटरांच्या वर. वायसर बदलायला आमची गरज नाही, पाना आणि दहा मिनिटं पुरतात.

फ्लशच्या टाकीत रात्री थोडी नीळ टाका आणि अर्धा तास कुणालाही फ्लश करू देऊ नका. भांड्यात निळं पाणी दिसलं तर आतलं रबर गेलंय. ही गळती आवाज करत नाही, म्हणून महिनोन् महिने चालते. जुनी, दहा लिटरची टाकी असेल तर लिटरची भरलेली बाटली तिच्यात उभी करा. दर वेळी लिटर वाचतो.

हौदाचा संशय असेल तर रात्री सगळे कॉक बंद करून पाण्याच्या पातळीला खडूने रेघ मारा, सकाळी बघा.

फोन करताना एवढं सांगा: टाकी किती लिटरची, गच्चीवर जायला जिना आहे की शिडी, आणि तुमच्या गल्लीत नळ कोणत्या दिवशी येतो. आम्ही त्याच्या आदल्या दिवशी येऊ. झाकण तडकलेलं असेल तर टाकीवर छापलेल्या मापाचा फोटो पाठवा, नवीन झाकण बरोबरच आणतो.