ठेव परत आली की चुकून जादा आले?

गावातलं घर बंद करून हिंगणघाटला किंवा नागपूरला राहायला गेलेलं कुटुंब जुनी वीजजोडणी कायमची बंद करतं. लाइनमन मीटर काढून नेतो, अंतिम बिल निघतं आणि पुढे कधीतरी पासबुकात वीज कंपनीच्या नावानं रक्कम पडते. "लाइटवाल्यायचे पैसे आले," एवढंच घरात बोललं जातं. कसले आले, हे कोणी विचारत नाही. पण ते विचारलंच पाहिजे. ती तुमची सुरक्षा ठेव, म्हणजे बिल थकलं तर तारण म्हणून कंपनीकडे भरून ठेवलेली रक्कम असेल, तर तिच्यावर तुमचा हक्क आहे. चुकून आलेला परतावा असेल, तर तो परत करणं तुमच्यावर बंधनकारक आहे.

ठेवीचं गणित घरीच मांडता येतं. वीज कायदा 2003च्या कलम 47नुसार कंपनी ठेव घेते आणि तिच्यावर व्याजही देते. महाराष्ट्रात ती साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी धरतात. जोडणी बंद केल्यावर मागणी केली, की बाकी कापून उरलेली ठेव परत मिळते. समजा महिन्याचं बिल 600 रुपये, ठेव 1,200 आणि अंतिम बिल 450. मग हाती 750 आणि थोडं व्याज यायला हवं. मात्र जोडणी फार जुनी असेल आणि ठेव पुढे वाढवून भरली नसेल, तर ती अगदी किरकोळ असते. म्हणून अंदाजावर जाऊ नका. जुनं बिल काढा, त्यावर जमा सुरक्षा ठेवीचा आकडा छापलेला असतो. तोच धरा.

चुकीचा परतावा वेगळ्या वाटेनं येतो. ग्राहक क्रमांक बारा अंकी असतो, त्यातला एक अंक चुकला की दुसऱ्याचे पैसे तुमच्या नावावर चढू शकतात. कधी एकच परतावा दोनदा निघतो. जोडणी चालू असती, तर ही चूक पुढच्या बिलात वळती झाली असती. बंद जोडणीला पुढचं बिलच नसतं, म्हणून जादा रक्कम थेट बँकेत येते आणि परत करायची तर आपल्यालाच भरावी लागते. चूक कंपनीची होती, हे उत्तर इथे चालत नाही. भारतीय करार कायदा 1872, कलम 72 स्पष्ट आहे: चुकून दिलेले पैसे ज्याला मिळाले त्यानं ते परत करायचे.

खरी गुंतागुंत मात्र दोन्ही रकमा एकाच नोंदीत येतात तेव्हा होते. वरच्याच उदाहरणात 750 ऐवजी 4,750 जमा झाले आणि कंपनीनं "सगळे परत करा" म्हटलं, तर घाबरून सगळे भरू नका. जादा आलेले 4,000च परत करायचे, 750 आणि व्याज तुमचं आहे. त्यासाठी ठेव किती, वजावट किती, जादा किती, असा लेखी हिशोब मागा. अर्ज उपविभाग कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या.

आपल्याकडे कापसाचे पैसे, पीकविमा, पीएम-किसानचे 2,000, सगळं एकाच खात्यात येतं. जूनमध्ये बियाणं आणि खत घेताना त्यात हेही पैसे निघून जातात, आणि मागणीचं पत्र हातात पडतं तेव्हा घरात रोकड नसते. हे फार जिवावर येतं. म्हणून हिशोब जुळत नसेल तर जादा रक्कम बाजूला ठेवा. खर्च झालीच असेल, तर हप्ते पाडून द्यायची विनंती त्याच अर्जात करा. संकोच करू नका.

आणि कोणी फोनवर "चुकून पैसे आले, या नंबरवर परत टाका" म्हणालं, तर एक रुपयाही पाठवू नका. क्यूआर कोड किंवा ओटीपीचं नाव काढलं तर फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. खरी मागणी लेखी मागता येते आणि भरणा कार्यालयाच्या अधिकृत मार्गानंच होतो. भरताना पावतीवर जुना ग्राहक क्रमांक आणि "जादा परताव्याची परतफेड" असं लिहून घ्या. त्यानंतर बाकी नसल्याचं पत्र मागा आणि ते अंतिम बिलाला टाचून ठेवा.