दम, जिगर आणि 'मेंटल' : कोल्हापूरच्या खेळांची जरा मागची गोष्ट

खेळात शरीराइतकंच मन लागतं हे हल्ली सगळेच बोलतात, पण कोल्हापूरला ते कुणी शिकवायची गरज नव्हती. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग हे कुस्तीचं मैदान बांधलं, गोल, मध्ये खाली हौदा आणि चारी बाजूला चढत गेलेली माणसं. त्या खड्ड्यात हजारो डोळ्यांसमोर उभं राहायचं तर नुसत्या मांड्या भरून भागत नाही.

तालमीत याला एकच शब्द होता, दम. जोर-बैठका मारून पोरगं धापा टाकायला लागलं की वस्ताद ओरडायचे, तोंड मिट, नाकानं घे. कारण तोंड उघडलं की समोरच्याला कळतं, हा संपला. म्हणजे दम हा छातीतला श्वास पण, न घाबरता भिडायची तयारी पण, आणि 'दम धर' म्हटलं की थांबून डाव बघायची अक्कल पण. तिन्ही एकातच, वेगळं करायचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधलं खाशाबा जाधवांचं तर सगळ्यांना पाठ आहे, कॉलेजच्या प्रिन्सिपॉलनी घर गहाण टाकून ७००० रुपये दिले वगैरे. मला त्यातली वेगळीच गोष्ट सलते. एक लांबलेली कुस्ती संपली आणि लगेच त्यांना सोव्हिएत पैलवानासमोर उभं केलं, नियमानं मध्ये अर्धा तास विश्रांती हवी होती पण भांडायला आपला एक अधिकारी तिथं नव्हता. हरले, ब्राँझ मिळालं. लोक म्हणतात दम कमी पडला. मी म्हणतो दम काढून घेतला, माणूस कितीही खंबीर असू दे, श्वास परत यायला वेळ लागतोच.

मग मातीच्या जागी मॅट आली, परदेशी कोच आले, आणि दमाचे दोन तुकडे झाले. फिटनेस एकीकडे आणि 'मेंटल' दुसरीकडे. खरा घोळ इथंच झाला, कारण आपल्याकडं मेंटल म्हणजे डोक्यानं फिरलेला. रागात आपण तोच शब्द तोंडावर मारतो. आता एखाद्या पोराला म्हणा की मेंटल ट्रेनिंगला जा, तो काय ऐकणार? "मी काय मेंटल हाय का?" माझ्या ओळखीतल्या एका चांगल्या धावणाऱ्या पोरीला जिल्ह्याच्या स्पर्धेआधी रात्र रात्र झोप यायची नाही, घरच्यांनी डॉक्टरकडं नेलं नाही, का तर लोक काय म्हणतील. पायाला बँडेज चालतं, याला नाही. पोरीनं पळणंच सोडलं. त्या एका शब्दानं किती पोरं गेली असतील कुणास ठाऊक.

रायफल शूटिंगमुळं मात्र फरक पडला. २०१० ला म्युनिकमध्ये कोल्हापूरची पोरगी तेजस्विनी सावंत वर्ल्ड चॅम्पियन झाली, आणि १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या पोरानं, स्वप्नील कुसाळेनं, पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ घेतलं, ४५१.४ गुण. महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक तब्बल ७२ वर्षांनी. थ्री पोझिशन म्हणजे आधी गुडघ्यावर, मग झोपून, मग उभं राहून नेम धरायचा. सुरुवातीला मागं पडला होता, तिथनं वर आला. त्या खेळात श्वास अर्धा सोडून रोखायचा, हात स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि मगच ट्रिगर, म्हणजे शरीर कुठं संपतं आणि मन कुठं सुरू होतं ते सांगताच येत नाही.

त्या दिवशी आमच्या पेठेत चौकात टीव्हीसमोर गर्दी होती. प्रत्येक गोळीच्या आधी सगळे गप्प, आणि मागं उभे असलेले एक म्हातारे पैलवान दर वेळी हळूच म्हणत होते, दम धर बाळा, दम धर.