फाउंडेशन अनुदान अर्ज (खानदेश)

खासगी फाउंडेशन किंवा कंपनीच्या सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्व) निधीतून पैसे मिळावेत म्हणून स्थानिक स्वयंसेवी संस्थेने पाठवायचा प्रस्ताव. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील संस्था आरोग्य, पोषण, जलसंधारण, शिक्षण, बचत गट अशा कामांसाठी असे अर्ज करतात. देणगीपेक्षा अनुदान वेगळे. ते करारात लिहिलेल्या कामावर, ठरलेल्या मुदतीतच खर्चावे लागते आणि उरलेली रक्कम बहुधा परत करावी लागते.

संस्थेची नोंदणी बहुधा दुहेरी असते, १८६०च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली. दोन्ही दाखले, घटनेची प्रत, पॅन, साधारण तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, आयकराची करमाफी व ८०-जी (देणगीदाराला करसवलत देणारी) नोंदणी आणि दर्पण पोर्टलचा (स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी संकेतस्थळाचा) क्रमांक ही नेहमीची मागणी. सीएसआर निधीसाठी १ एप्रिल २०२१पासून सीएसआर-१ अर्ज भरून मिळणारा क्रमांकही लागतो. परदेशी पैसा घ्यायचा तर एफसीआरए (विदेशी निधी नियमन कायदा) नोंदणी हवी. तिच्यासाठी सर्वसाधारणपणे तीन वर्षांचे अस्तित्व आणि त्या काळात कामावर १५ लाखांचा खर्च दाखवावा लागत असल्याने लहान संस्थांनी सुरुवातीला तो नाद न केलेला बरा.

गाडी अडते ती परिशिष्ट-१च्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतल्या विश्वस्तांच्या नावांच्या, उताऱ्यावर. विश्वस्त वारतात, नवे निवडले जातात, इतिवृत्ताच्या वहीत ठराव होतो, बँकेतल्या सह्याही बदलतात. पण विश्वस्त कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यायचा बदल अर्ज (बोलीत ‘चेंज रिपोर्ट’) राहून जातो किंवा दाखल होऊन पडून असतो. मग उताऱ्यावर नाव जुन्या अध्यक्षांचे आणि प्रस्तावावर सही भलत्याचीच. छाननी करणारा तिथेच थांबतो. प्रकरण प्रलंबित असेल तर दाखल केल्याची पोच, प्रकरण क्रमांक आणि ठरावाची प्रत आपणहून जोडावी, विचारण्याची वाट पाहू नये.

बरीच फाउंडेशने आधी दोन पानांचे टिपण मागवतात आणि ते पटले तरच सविस्तर प्रस्ताव. विप्रोची सुरुवात १९४५ साली अमळनेरात झाली खरी, पण आज निधीचे निर्णय बहुतेक मुंबई, पुणे, बंगळूरला होतात. वाचणाऱ्याने नंदुरबारातल्या धडगावचा घाट पाहिलेला नसतो, म्हणून अंदाजपत्रकात हिशेब उलगडून लिहावा. ‘प्रवासखर्च १,८०,०००’ एवढेच लिहिले की कात्री लागते. ‘जीप, महिन्याला ८ फेऱ्या, फेरीला २,५०० रुपये, पावसाळा वगळून ९ महिने’ असे लिहिले की तीच रक्कम पटते. पाड्यावर फिरणाऱ्या कार्यकर्तीचे मानधन ‘प्रशासकीय’ सदरात टाकणे ही हमखास होणारी चूक. त्या सदराला टक्केवारीची मर्यादा असते; तिचे मानधन प्रकल्पखर्चात दाखवावे.

वेळापत्रकाकडे सर्वात कमी लक्ष दिले जाते. मंजुरी आणि हप्ते एप्रिल ते मार्च या वर्षाने चालतात, सातपुडा तसा चालत नाही. दिवाळीनंतर अक्राणी, अक्कलकुवा भागातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीच्या सुमारास परतू लागतात. पावसाळ्यात कित्येक पाड्यांची वाट बंद होते. डिसेंबरात पालकांच्या बैठका आखलेला प्रस्ताव मुंबईत देखणा दिसतो, इथे ओटे रिकामे असतात. सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणीसारखे काम होळी ते जून या काळात बसवावे आणि पहिला हप्ता त्याआधी मागावा.

मंजुरीनंतर प्रकल्पाचे स्वतंत्र खाते किंवा निदान स्वतंत्र खतावणी ठेवावी. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देऊ नये, आयकरात तो खर्च मान्य होत नाही. आठवडे बाजारातल्या खरेदीला पक्के बिल मिळत नाही. तिथे तारीख, वस्तू, वजन, दर आणि विक्रेत्याची सही किंवा अंगठा असलेले व्हाउचर त्याच दिवशी करावे. दुसरा हप्ता सनदी लेखापालाच्या विनियोग प्रमाणपत्राशिवाय (पैसा ठरल्या कामावरच खर्चल्याच्या दाखल्याशिवाय) सहसा सुटत नाही आणि मार्चअखेरीस त्यांच्याकडे गर्दी असते, म्हणून कागद फेब्रुवारीतच नेऊन द्यावेत.