घरातल्या झाडांचं नेमकं काय खाता येतं?

अमुक झाड खाल्लं तर चालतं का असं कोणी विचारलं की एका शब्दात उत्तर देताच येत नाही, कारण आधी झाडाची नक्की जात कळायला हवी, मग कुठला भाग, आणि तो भाग कच्चा आहे की पिकलेला. एकाच पानात खायचा भाग आणि त्रास देणारा भाग चिकटून असतात.

कोरफडच बघा. पान कापलं की कडेनं पिवळा कडू चीक गळतो, तो सालीच्या लगेच खालच्या थरातून येतो आणि त्यात अ‍ॅलोइन असतं, ते जोरदार रेचक आहे, पोटात कळा येऊन जुलाब होतात. आतला पारदर्शक गर वेगळा, तो खाता येतो, पण पान उभं ठेवून चीक पूर्ण गळू द्यायचा, साल जाडसर काढायची आणि गर नीट धुवायचा. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियंत्रण संस्थेने, २००२ मध्ये कोरफडीच्या चिकाची रेचक औषधं प्रिस्क्रिप्शनशिवाय विकणं बंद केलं, आणि सालीसकट अख्ख्या पानाचा अर्क तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २बी गटात, म्हणजे ज्यांच्यामुळे माणसाला कॅन्सर होण्याची शक्यता आहे अशा गोष्टींत टाकलाय. त्यामुळे अख्खं पान मिक्सरला लावून ज्यूस करू नका प्लीज. गरोदर बायकांनी तर हा प्रयोग टाळावाच.

मला सगळ्यात भारी वाटतो तो मॉन्स्टेरा. मोठ्या भोकाभोकांच्या पानांचं हे झाड अळूच्या कुळातलं आहे, आणि या कुळातल्या बहुतेक झाडांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे टोकदार स्फटिक असतात, पान चावलं की ते जिभेत, हिरड्यांत, घशात घुसतात आणि आग होते, सूज येते. मॉन्स्टेरा डेलिसिओसाची पानं, खोड, मुळं आणि कच्चं फळ, सगळं असंच. पण तेच फळ पूर्ण पिकलं की खाता येतं, चव अननस आणि केळं एकत्र केल्यासारखी! फळ तयार व्हायला वर्षभर, कधी त्याहूनही जास्त लागतं. वरचे षटकोनी खवले खालच्या टोकापासून आपोआप सुटायला लागतात, जेवढे सुटले तेवढाच भाग पिकलेला, बाकीचा अजून कच्चाच, म्हणून खवले ओढून काढायचे नाहीत. घरात कुंडीतल्या मॉन्स्टेराला फळ क्वचितच धरतं ही गोष्ट वेगळी.

हे वाचून मनीप्लांट, डिफेनबाखिया, पीस लिली यांच्याकडे वळू नका, ती त्याच कुळातली असली तरी त्यांचं काहीच खायचं नसतं. शिजवलं की जाईल असंही नाही, हे स्फटिक उष्णतेनं सहजासहजी मोडत नाहीत.

नावावरूनही गडबड होते. जेड म्हणून दोन झाडं मिळतात, त्यातल्या पोर्टुलाकारियाची छोटी आंबटसर पानं खाता येतात, दक्षिण आफ्रिकेत हत्ती ती आवडीनं खातात, पण जाड चकचकीत पानांचं क्रासुला हे वेगळं झाड आहे, त्याची पानं खायची नाहीत. अडेनियम, कण्हेर आणि कलांचो यांतली द्रव्यं थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात, आणि सायकस तर लिव्हर खराब करतं, त्याच्या बिया सगळ्यात वाईट. ही झाडं लहान मुलांच्या हाताला लागतील अशी ठेवूच नयेत.

तुळस, पुदिना, गवती चहा यांची पानं बिनधास्त. जास्वंदीच्या पाकळ्या चालतात. कुंडीतल्या टोमॅटोचं पिकलेलं फळ खायचं, पाला नाही. स्पायडर प्लांट विषारी नाही म्हणतात ते खरं, पण विषारी नसणं म्हणजे खाण्याजोगं असणं नव्हे.

अजून एक, नर्सरीतून शोभेसाठी आणलेल्या झाडावर कीटकनाशक मारलेलं असू शकतं आणि काही कीटकनाशकं झाडाच्या आत भिनतात, नुसतं धुऊन जात नाहीत. खायची झाडं खाण्यासाठी म्हणूनच वाढवलेली घ्या.

मुलानं पान चावलंच तर तोंडातले तुकडे काढा, चूळ भरायला लावा, थंड पाणी किंवा दूध थोडं थोडं द्या, उलटी मुद्दाम करवू नका. ओठ-घसा सुजला, श्वास लागला किंवा झाड हृदयावर परिणाम करणारं असेल तर लगेच हॉस्पिटल गाठा, आणि त्या झाडाची फांदी किंवा फोटो सोबत न्या, डॉक्टरांना उपचार ठरवायला त्याचा खूप उपयोग होतो.