धुलाई यंत्राचे कंपन व सरकणे

कपडे पिळण्याच्या म्हणजे स्पिनच्या टप्प्यात ओले कपडे ड्रमच्या एका अंगाला गोळा झाल्याने यंत्राला बसणारे हादरे व त्यामुळे त्याचे जागा सोडणे. बोलीत ‘मशीन चालायला लागली’ असे म्हणतात.

अर्धा किलो जादा वजन अक्षापासून 25 सेंमी. अंतरावर राहिले आणि ड्रम मिनिटाला 1,000 फेरे घेत असला, तर सु. 1,370 न्यूटन, म्हणजे जवळजवळ 140 किलो वजनाइतके बल प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलत राहते. फेरे दुप्पट झाले की बल चौपट होते. स्प्रिंगा व दट्टे यांमुळे त्याचा थोडाच भाग पायांपर्यंत पोचतो. तो घर्षणाला भारी पडला की यंत्र सरकते.

खरा कठीण प्रसंग मात्र कमाल वेगाचा नसतो. टांगलेल्या ड्रमची स्वाभाविक वारंवारता, म्हणजे धक्का दिल्यावर स्वतःहून डोलण्याची गती, कमी असते. फेऱ्यांची गती तिच्याशी जुळते तो क्रांतिक वेग; बहुधा मिनिटाला 100 ते 300 फेऱ्यांच्या दरम्यान तो लागतो व तेथे डोलणे सर्वाधिक असते. तो ओलांडल्यावर ड्रम आपल्या वस्तुमानमध्याभोवती फिरू पाहतो व शांत होतो. या उपपत्तीचे श्रेय वादग्रस्त आहे. स्कॉटिश अभियंते रँकिन यांनी 1869 मध्ये क्रांतिक वेगापलीकडे यंत्राचा दंड (शाफ्ट) स्थिर फिरणे अशक्य मानले होते. स्वीडिश अभियंते दे लावाल यांच्या वाफेच्या टर्बाइनने 1880 च्या दशकाअखेरीस ते प्रत्यक्षात खोटे ठरवले. इंग्रजी ग्रंथ फिरत्या दंडाच्या या गणिती प्रतिमानाला अभियंते जेफकॉट (1919) यांचे नाव देतात. जर्मन परंपरेत ते लावाल यांच्या नावाने चालते. जर्मन अभियंते फ्योपल यांचे विवेचन 1895 चे असल्याने अग्रमान त्यांचा मानणे अधिक सयुक्तिक वाटते. जेफकॉट यांची मांडणी अधिक सुबोध आहे, हेही खरे. वरून कपडे टाकायच्या यंत्रांत ड्रमला बसवलेले, मीठपाणी भरलेले पोकळ कडे याच तत्त्वावर चालते : क्रांतिक वेगापलीकडे पाणी जड बाजूच्या समोर सरकते; त्याआधी ते असमतोल वाढवतेच.

1937 च्या सुमाराचे बेंडिक्स या अमेरिकी बनावटीचे यंत्र जमिनीला बोल्टने जखडावे लागे. पुढे काँक्रीटचे वजन व टांगणी आल्यावर ती गरज संपली.

मुंबईत जमिनीचा प्रश्न मोठा. गिरगाव-परळकडील जुन्या चाळींत सागवानी तुळयांवरची जमीन स्वतःच हलते. अशा जमिनीची वारंवारता सेकंदाला 10 आवर्तनांच्या आसपास असली, तर 600 फेऱ्यांनाच खालच्या बिऱ्हाडाची भांडी वाजू लागतात. सिमेंटच्या स्लॅबवर ही तक्रार कमी. मोरीत मात्र लादीला जाळीकडे मुद्दाम उतार दिलेला असतो, त्यामुळे चारही पाय टेकत नाहीत. पाणसळ लावून ते फिरवून घ्यावे लागतात. चाकांच्या स्टँडने सफाईची सोय होते, स्थैर्य जाते. दमट खाऱ्या हवेत स्टँडचे सांधे गंजतात ते वेगळेच.

दोन टबांच्या यंत्रातील पिळण्याच्या टबाला घरोघरी ‘ड्रायर’ म्हणतात; तेथे उष्णता नसते, म्हणून ती संज्ञा सैल आहे. त्यात कपडे दाबून बसवून वर चकती ठेवतात. एकटा टॉवेल किंवा खोळीत गुरफटलेली चादर सर्वांत त्रासदायक. नवे यंत्र पहिल्याच धुण्याला खोलीभर फिरू लागले, तर वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून मागे लावलेले बोल्ट काढायचे राहिले आहेत का, हे आधी पाहावे.