शब्दसंस्करणातील हिब्रू व मिश्रभाषिक मजकूर

हिब्रू ही उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी लिपी संगणकावर टंकित करणे, आणि तिच्या ओळींत डावीकडून उजवीकडे जाणारी इंग्रजी, मराठी यांसारख्या भाषांची अक्षरे, अंक व विरामचिन्हे बिनचूक बसवणे, हा शब्दसंस्करणातील (वर्ड प्रोसेसिंगमधील) एक स्वतंत्र विषय आहे. अशा मजकुराला द्विदिश मजकूर म्हणतात. निव्वळ हिब्रू मजकूरही बहुधा द्विदिशच असतो, कारण हिब्रूत अक्षरे उजवीकडून लिहिली जात असली तरी १९४८ सारखी संख्या डावीकडूनच वाचली जाते.

हिब्रू वर्णमालेत २२ व्यंजने असून त्यांपैकी काफ, मेम, नून, पे आणि त्सादी या पाच अक्षरांना शब्दाच्या शेवटी वेगळे रूप असते. अरबीप्रमाणे अक्षरे एकमेकांना जोडावी लागत नाहीत आणि देवनागरीतील जोडाक्षरांसारखी रचनाही येथे नाही. अंत्य रूपांना कळफलकावर स्वतंत्र कळा असतात. योग्य रूप निवडणे हे टंकलेखकाचे काम असते, प्रणालीचे नव्हे. त्यामुळे अक्षरांची घडण सोपी आहे. अवघड आहे ती दिशा, आणि धार्मिक व शैक्षणिक मजकुरात स्वरचिन्हे.

संकेतप्रणाली म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकासाठी क्रमांक ठरवून देण्याची पद्धत. सुरुवातीच्या सात बिटांच्या संकेतप्रणालीत हिब्रूची २७ रूपे इंग्रजीच्या लहान लिपीतील २६ अक्षरांच्या आणि त्यांच्या लगतच्या एका चिन्हाच्या जागी बसवलेली होती. परिणामी हिब्रूसोबत इंग्रजी लिहायची तर ती मोठ्या लिपीतच लिहावी लागे. पुढे आठ बिटांच्या प्रणाली आल्या : आयबीएमच्या संगणकांसाठी संकेतपृष्ठ ८६२, १९८८ चे आयएसओ ८८५९-८ हे प्रमाण आणि विंडोजसाठीचे १२५५. एकाच अक्षराला या तिन्हींत मिळून दोन वेगवेगळे क्रमांक होते, आणि आयएसओच्या प्रमाणात स्वरचिन्हे मुळातच नव्हती. डॉस प्रणालीच्या काळात इस्रायलमध्ये क्यूटेक्स्ट आणि आइनस्टाइन हे हिब्रू शब्दसंस्कारक वापरात होते.

त्या काळातील खरा वाद मात्र क्रमाचा होता. पडद्यावर जसे दिसते तसेच, म्हणजे डावीकडून मोजत, अक्षरे साठवण्याची एक पद्धत होती; तिला दृश्य क्रम म्हणतात. ती साध्या यंत्रांवर चाले, पण ओळीची रुंदी बदलताच वाक्याचा शेवट वरच्या ओळीत आणि आरंभ खालच्या ओळीत जाई, आणि शब्द शोधायचा तर तो उलटा टंकित करावा लागे. दुसऱ्या पद्धतीत अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात आणि दिशा केवळ दाखवताना ठरते; हा तार्किक क्रम होय. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. ‘कि’ लिहिताना आपण आधी क आणि मग ऱ्हस्व वेलांटी टंकित करतो, साठवणही त्याच क्रमाने होते, पण वेलांटी दिसते ती व्यंजनाच्या आधी. हिब्रूत हेच संपूर्ण ओळीच्या बाबतीत घडते. आज तार्किक क्रमच सर्वमान्य आहे.

साठवलेल्या क्रमावरून दिसण्याचा क्रम काढण्याचे नियम युनिकोड या सर्व लिपींसाठीच्या समान संकेतप्रणालीच्या द्विदिश नियमसंहितेत दिलेले आहेत. तिच्यानुसार हिब्रू अक्षरे आणि लॅटिन किंवा देवनागरी अक्षरे ही ‘प्रबळ’ चिन्हे होत, म्हणजे त्यांची दिशा पक्की असते. इंग्रजी अंक ‘दुर्बळ’ असतात : ते आपसांत डावीकडून मांडले जातात, पण आजूबाजूच्या मजकुराची दिशा बदलू शकत नाहीत. मोकळी जागा, कंस, अवतरणचिन्हे आणि बहुतेक विरामचिन्हे ‘तटस्थ’ असून ती दोन्ही बाजूंच्या चिन्हांची दिशा घेतात. दोन्ही बाजू भिन्न असतील तर परिच्छेदाची मूळ दिशा लागू होते. मिश्र मजकुरातील बहुतेक गोंधळ या तटस्थ चिन्हांमुळेच होतो.

उदाहरणार्थ, डावीकडून चालणाऱ्या परिच्छेदात पूर्ण हिब्रू वाक्य लिहिले तर शेवटचा पूर्णविराम वाक्याच्या उजव्या टोकाला, म्हणजे वाचकाच्या दृष्टीने आरंभी जाऊन बसतो. हिब्रू परिच्छेदाच्या अखेरीस ‘सी प्लस प्लस’ या संगणकीय भाषेचे नाव चिन्हांनी लिहिल्यास अधिकची दोन्ही चिन्हे अक्षराच्या डावीकडे उमटतात. हिब्रू परिच्छेदात दूरध्वनी क्रमांकाचे गट मोकळी जागा सोडून लिहिले तर गटांचा क्रमच उलटतो; तेच गट आखूड संयोगरेषेने जोडले तर उलटत नाहीत, कारण अंकांमधील त्या रेषेला नियमसंहितेने संख्येचा भाग मानले आहे. मराठी वाक्यात ‘शालोम’ आणि ‘तोदा’ हे दोन शब्द हिब्रू लिपीत स्वल्पविराम देऊन लागोपाठ लिहिले व त्यांचे अर्थ अनुक्रमे शांती आणि आभार असे दिले, तर मधला स्वल्पविराम दोन्ही बाजूंच्या हिब्रूची दिशा घेतो आणि ‘तोदा’ डावीकडे येतो. हिब्रू न जाणणारा वाचक मग आभाराला शालोम समजतो, आणि मुद्रितशोधकाच्याही हे सहसा लक्षात येत नाही.

यावर उपाय म्हणजे अदृश्य दिशाचिन्हे. डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे अशा दोन दिशांची दोन चिन्हे असून ती प्रबळ अक्षरासारखी वागतात, पण कागदावर उमटत नाहीत. वरील उदाहरणात स्वल्पविरामानंतर पहिले चिन्ह घातले की शब्दांचा क्रम सुधारतो. दोन शब्दांमध्ये ‘आणि’ लिहिले तरी तेच साधते, आणि तो उपाय अधिक टिकाऊ आहे. मजकुराचा एखादा तुकडा भोवतालापासून दिशेच्या दृष्टीने पूर्ण अलग ठेवणारी चिन्हे २०१३ मध्ये युनिकोडच्या ६.३ या आवृत्तीत आली.

परंतु दिशाचिन्हांकडे वळण्यापूर्वी परिच्छेदाची दिशा तपासावी. सर्वांत जास्त आढळणारी चूक अशी की लेखक मजकूर उजव्या समासाला लावतो आणि दिशा बदलली असे समजतो. संरेखन आणि दिशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उजवीकडे सरकवलेल्या पण डावीकडून चालणाऱ्या परिच्छेदात विरामचिन्हे चुकीचीच राहतात. मग ती हाताने इकडची तिकडे केली जातात आणि पुढे कोणी दिशा नीट केली की सगळे पुन्हा बिघडते. विंडोजवरील वर्डमध्ये उजवीकडील कंट्रोल व शिफ्ट कळा एकत्र दाबल्यास परिच्छेद उजवीकडून सुरू होतो, डावीकडील त्याच कळांनी तो पूर्ववत होतो. मात्र त्यासाठी हिब्रूसारखी भाषा प्रणालीत आधी सुरू केलेली असावी लागते. लिब्रेऑफिस या दुसऱ्या शब्दसंस्कारकातही सेटिंगमधून जटिल लिपींची सोय चालू करावी लागते. तक्त्याची दिशा परिच्छेदाहून निराळी असते : हिब्रू तक्त्याचा पहिला स्तंभ उजवीकडे हवा, आणि ते वेगळे ठरवावे लागते.

वर्डची एक खोड येथे नोंदवली पाहिजे. तो केवळ युनिकोडच्या नियमांवर विसंबत नाही. टंकित करताना कोणता कळफलक चालू होता त्यानुसार मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला दिशेचा गुणधर्म चिकटवतो. म्हणून तेच वाक्य दुसऱ्या प्रणालीत चिकटवले की विरामचिन्हे जागा बदलतात. मॅकवरील वर्डला तर २०१६ च्या आवृत्तीपर्यंत उजवीकडून लिहिणेच नीट जमत नसे. त्यामुळे बायबलचे अभ्यासक त्या संगणकावर निसस रायटर किंवा इस्रायली बनावटीचा मेलेल हे शब्दसंस्कारक वापरत.

हिब्रू कळफलकावर कंसांच्या कळा इंग्रजीच्या उलट संकेत देतात, कारण उजवीकडून चालणाऱ्या मजकुरात कंसाचे चित्र आरशातल्यासारखे उलटवले जाते. वापरणाऱ्याने कळेवर छापलेला आकार पाहावा. तोच पडद्यावर येतो. दोन दिशांच्या सीमेवर कर्सरच्या दोन संभाव्य जागा असतात, आणि बाणाच्या कळेने तो अनपेक्षितपणे उडी मारतो. वर्डमध्ये ही हालचाल तार्किक ठेवायची की दृश्य, हे निवडता येते.

दैनंदिन हिब्रू स्वरचिन्हांविना लिहिली जाते. प्रार्थना, काव्य, बालसाहित्य आणि बायबल यांत निक्कुद नावाची स्वरचिन्हे लागतात. विंडोज ८ पासूनच्या प्रमाण कळफलकावर उजवी ऑल्ट कळ धरून स्वराच्या नावाचे आद्याक्षर दाबले की बहुतेक स्वरचिन्हे मिळतात : पे दाबल्यास पताह, कोफ दाबल्यास कामात्स. एका अक्षरावर अनेक चिन्हे आली की युनिकोड त्यांचा एक ठरावीक क्रम लावते, आणि तो व्याकरणाशी नेहमी जुळत नाही. बायबलमधील ‘यरुशलाइम’ (जेरुसलेम) या शब्दात योद हे अक्षर लिहिलेले नसल्याने लामेद या अक्षराखाली दोन स्वर येतात. युनिकोडने असा क्रम लावताना त्यांची अदलाबदल होते, आणि ती टाळण्यासाठी मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालावे लागते. अशा मजकुरासाठी एसबीएल हिब्रूसारखे खास फॉन्ट आहेत. रोजच्या कामासाठी फ्रँक रूल हा फॉन्ट आणि इस्मार डेव्हिड यांनी घडवलेला डेव्हिड हा फॉन्ट रूढ आहेत, पण विंडोज १० पासून ते ऐच्छिक भाग झाल्याने दुसऱ्याच्या संगणकावर ते असतीलच असे नाही.

मराठी आणि हिब्रू एकत्र छापण्याची परंपरा संगणकाहून जुनी आहे. कोकणातील मराठीभाषक बेने इस्रायल या ज्यू समाजासाठी वल्हांडण सणाचा हग्गादा हा विधिग्रंथ १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात हिब्रूसोबत मराठी भाषांतर देऊन छापला गेला. असा मजकूर आज वर्डमध्ये लिहिणाऱ्यास दोन गोष्टी जपाव्या लागतात. पहिली फॉन्टची : वर्ड आणि लिब्रेऑफिस देवनागरी व हिब्रू या दोहोंना ‘जटिल लिपी’च्या एकाच कप्प्यात टाकतात, त्यामुळे हिब्रूसाठी डेव्हिड निवडला की तो शेजारच्या मराठीलाही लागू होतो, आणि त्यात देवनागरी नसल्याने प्रणाली स्वतःच्या मर्जीने दुसरा फॉन्ट आणते. प्रत्येक भाषेसाठी वेगळी अक्षरशैली आधीच करून ठेवली तर हा त्रास वाचतो. दुसरी गोष्ट अंकांची : इंग्रजी अंक दुर्बळ असले तरी देवनागरी अंकांना युनिकोडने डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या प्रबळ अक्षरांचाच दर्जा दिला आहे. हिब्रू परिच्छेदात ‘१९४८ – १९५०’ हा कालखंड देवनागरी अंकांत लिहिला तर तो डावीकडून वाचावा असाच उमटतो. तोच इंग्रजी अंकांत लिहिला तर पहिले वर्ष उजवीकडे जाते.